समोर कोण बसणार?

‘फुकट’ हा शब्द मला ऐकवत नाही. जळगावच्या त्या प्रशिक्षण केंद्रात तो दिवसातून दहादा कानावर पडायचा. पंखा बंद का, तर फुकट आहे. चहा पातळ का, तर फुकट आहे. बेरोजगार, गरीब घरच्या मुलामुलींसाठी मोफत कौशल्य प्रशिक्षण, असं दारावरच्या फलकावर लिहिलेलंच होतं, तरी आतली माणसं त्याची आठवण करून दिल्याशिवाय राहायची नाहीत. फुकट कसलं? पारोळ्याजवळच्या आमच्या गावात ऐन वेचणीत एका घरातले दोन हात कमी झाले होते. माय एकटी लोकांच्या कपाशीत राबत होती आणि मी मेहरूणला मावशीकडे राहून शिकत होते. याला फुकट म्हणतात होय?

नाव घालायला गेले तेव्हा खिडकीतल्या बाईंनी वर न बघताच विचारलं, “शिवण की पार्लर?”

मी म्हटलं, “मोटर वाइंडिंग.”

आमच्याकडे बोअरची मोटर जळणं म्हणजे घरात कुणी आजारी पडल्यासारखंच. ती वर काढायची, टेम्पोत घालून पारोळ्याला न्यायची आणि मिस्त्रीच्या दुकानासमोर पाच-पाच दिवस हेलपाटे घालायचे. तोवर पीक मान टाकतं. गावात हे काम करणारं कुणी नव्हतं. बारावी होऊन दोन वर्षं मी घरी बसले होते आणि मला हेच काम करायचं होतं. बाई हसल्या. पण त्या तुकडीच्या यादीत एक नाव कमी पडत होतं आणि यादी भरल्याशिवाय तुकडी सुरू होत नव्हती, म्हणून मला घेतलं. माझ्या हुशारीसाठी नव्हे, रिकामा रकाना भरायला.

पहिल्याच आठवड्यात गाडं अडलं. पाण्यात बुडणाऱ्या मोटरीचं वाइंडिंग एकट्याने करायचं काम नाही. हातभर लांबीचं लोखंडी नळकांडं आडवं ठेवायचं. त्याच्या आत गोलाकार बारीक घरं असतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार. एकाने इकडून घरात तार सारायची, दुसऱ्याने पलीकडून ओढून दुसऱ्या घरातून परत पाठवायची. दोघं जमिनीवर समोरासमोर, पाय पसरून, मध्ये मोटर. ओढण्याचा जोर दोघांचा सारखा लागतो, नाहीतर तारेवरचं प्लास्टिक सोलून निघतं आणि मोटर पाण्यात गेल्या गेल्या जळते. सरांनी मुलांच्या जोड्या लावल्या आणि माझ्यापाशी येऊन थांबले.

“तुझ्यासमोर कोणाला बसवू?”

“कोणालाही बसवा, सर.”

“मुलगा-मुलगी असं पाय पसरून समोरासमोर? उद्या कोणी मोबाइलवर फोटो काढला म्हणजे? तू बघून शीक.”

बघून शीक! दुसऱ्याचं ताट बघून कुणाचं पोट भरलंय? मी एकटीच बसले. इकडून तार सारायची, उठायचं, वळसा घालून पलीकडे जायचं, ओढायची, परत सारायची, परत उठायचं. मुलांना करमणूकच झाली. “वडले फेरा मारी ऱ्हायनी,” एक म्हणायचा, “नवरा चांगला भेटी!” वडाला मारतात तशा मी फेऱ्या मारत राहिले. त्यांची मोटर दोन दिवसांत व्हायची, मला आठवडा लागायचा. पण माझ्या हातून तारेला नवा ओरखडा पडत नसे. सरांनी एकदा तारेवरून बोट फिरवून पाहिलं आणि पुढच्या जोडीकडे गेले.

आणखी एक गोष्ट मला खुपत होती. केंद्रात मोटरी तीनच होत्या आणि तारही तीच. एका तुकडीने ती भरायची, दुसरीने उपसायची आणि पुन्हा भरायची. किती हातांतून गेली होती कोण जाणे, तिचा रंगसुद्धा उडाला होता. त्या मोटरींना करंट म्हणून कधी दिला नाही. वाइंडिंग झालं की तीन टोकं बाहेर काढायची, त्यांना टेप मारायची आणि फोटो घ्यायचा. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. मी विचारलं, “सर, एकदा चालू करून बघायची का?”

“जळली तर तार कोण देणार? फुकट आहे, तेवढं समजून घ्यावं माणसाने.”

प्रमाणपत्रं वाटायच्या दिवशी निळा अ‍ॅप्रन घालून, हातात मीटर धरून एकेकाचा फोटो निघत होता. माझी पाळी आली तेव्हा मी अ‍ॅप्रन काढून टेबलावर ठेवला. म्हटलं, “मी बांधलेली एकही मोटर अजून फिरलेली नाही. फिरली की येते.” सर लाल झाले. उद्धट आहेस, म्हणाले. आहेच मी उद्धट. शिवणकाम वाईट नसतं, पार्लरही नसतं, पण उद्धट नसते तर मला न विचारता त्यातल्या एकात बसवलं असतं.

चैत्रात गावातल्या एका आबांची मोटर जळाली. त्यांची लिंबाची बाग आहे आणि ती फुलावर होती. पारोळ्याच्या मिस्त्रीने आठ दिवसांनी या म्हणून सांगितलं होतं. आबा आमच्या दारात आले ते मायला कांदे काढायला बोलवायला. मीच पुढे होऊन म्हटलं, मोटर माझ्याकडे टाका.

आबांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “टाकस,” म्हणाले. “जळेलच शे, आखो काय जळी?”

जळालेली आणखी काय जळणार, यात विश्वास म्हणावा असं काही नव्हतं, पण मोटर ओसरीवर आली. जळकी तार उपसताना मी प्रत्येक घरातले वेढे मोजले आणि कोळशाने भिंतीवर लिहून ठेवले. नवी तार आबांनीच आणून टाकली आणि जाताना बजावलं, की तीन दिवसांत झाली नाही तर आहे तशी उचलून नेईन. फेऱ्या मारत मला आठवडा लागला असता. समोर बसायला मी गावातल्या एका मुलाला विचारलं. तो हो म्हणाला आणि संध्याकाळी त्याची आई येऊन मलाच चार शब्द सुनावून गेली. मला रडू आलं. दुःखाचं नव्हतं ते, रागाचं होतं. जळगावातही समोर बसायला माणूस नव्हतं आणि माझ्या गावातही नव्हतं.

माय कांदे काढून घरी आली. तिने हातपाय धुतले आणि मोटरीपाशी उभी राहिली.

“काय करनं पडस?” तिने विचारलं.

मी सांगितलं, पलीकडून तार ओढायची, माझ्याएवढ्याच जोराने.

“इतलंच? सरक. मी बसस समोर.”

पातळ सावरून ती जमिनीवर बसली आणि तिने पाय पसरले. लग्न होऊन आल्यापासून कापूस वेचणारी बोटं ती. बोंडातून कापूस काढताना काडी-कचरा येऊ न देणारी. किती ओढायचं आणि कुठे थांबायचं हे तिला एकदाच सांगावं लागलं. पहिल्या दिवशी तार दोनदा सोलली, दोन्ही वेळा माझ्याच बाजूला. “दमानं वं,” एवढंच माय म्हणाली. त्या दोन दिवसांत ती कांद्यावर गेली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मोटर पाण्याच्या पिंपात बुडवली आणि दुपारी तारेला दिवा जोडून तपासली. करंट मोटरीच्या लोखंडात कुठेही उतरत नव्हता.

मोटर बोअरमध्ये सोडताना बघायला अर्धं गाव जमलं. आमच्याकडे बटण दाबायच्या आधी नारळ फोडतात. आबांनी तो पिशवीतच ठेवला. पाणी आलं की फोडू, म्हणाले. मी बटण दाबलं. मोटर घुमली, पाइप फुरफुरला आणि हौदात करंगळीएवढी धार पडली.

“मोटर थुकी ऱ्हायनी!” कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. माय हसली नाही. ती माझ्याकडे बघत उभी होती.

मी धारेखाली हात धरला. मग डोकं चालायला लागलं. केंद्रातल्या मोटरींना करंट कधी मिळालाच नव्हता. तिथे तीन टोकं बाहेर काढली की काम संपायचं, कुठलं टोक कुठे जोडायचं याची खूण कुणी करतच नव्हतं, कारण बंद मोटर उलटी फिरते की सुलटी, हे कळायचं कसं? मीही सवयीने तशीच बिनखुणेची टोकं काढली होती. माझी मोटर चांगली फिरत होती, फक्त उलटी फिरत होती, म्हणून पाणी वर चढत नव्हतं.

मेन स्विच पाडला, पेटी उघडली, तीनपैकी दोन तारा एकमेकींच्या जागी लावल्या आणि पुन्हा बटण दाबलं. पाइप क्षणभर गप्प राहिला. मग मनगटाएवढी धार हौदात आदळली आणि पुढच्या माणसांचे पाय भिजले.

आबा जवळ आले. “माले मालूम व्हतं,” म्हणाले. “मी दखी ऱ्हायन्तू, तुले समजस का.”

मला इतका राग आला! तुमची बाग वाळत होती आणि तुम्ही माझी परीक्षा बघत होता, असं मी त्यांच्या तोंडावर म्हटलं. एरवी मायने मला गप्प केलं असतं. त्या दिवशी केलं नाही. आबांनी पिशवीतून नारळ काढून माझ्यापुढे धरला. मी तो मायच्या हातात दिला आणि तिने एका फटक्यात फोडला.

त्या धारेचा व्हिडिओ फिरत फिरत सरांपर्यंत पोचला. त्यांचा फोन आला. प्रमाणपत्र घेऊन जा, पाहणीला साहेब येणार आहेत, केंद्राचं नाव होईल, म्हणाले. मी मायला घेऊन एसटीने जळगावला गेले. सरांनी कपाटातून माझं प्रमाणपत्र काढलं.

“दोन द्या,” मी म्हटलं. “एक हिच्या नावाचं.”

“त्यांची नोंदणी नाही. वयात बसत नाहीत. शिक्षण नाही. असं कसं देता येईल?”

“मग माझ्या प्रमाणपत्रावर ‘अर्धं वाइंडिंग’ लिहा. एकट्याने होत नाही, हे इथेच शिकले.”

सरांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. मी आणखी एक मागितलं, की त्या तीन मोटरींपैकी एकीला तरी करंट द्या. बघू, म्हणाले. मी प्रमाणपत्र त्यांच्या टेबलावरच ठेवलं आणि आम्ही दोघी परतीच्या गाडीला लागलो.

ते अजून तिथल्या कपाटात आहे. न्यायला या म्हणून अधूनमधून फोन येतो. हातच्या कांकणाला आरसा कशाला? आमच्या ओसरीवर आज तीन मोटरी आल्या आहेत, त्यांतली एक थेट अमळनेरकडची. सकाळपासून मी हे लिहीत बसले आहे आणि माय पाय पसरून, तारेचं टोक धरून, दुसऱ्यांदा हाक मारते आहे, “लिखानं ऱ्हाऊ दे वं, तार ढिली पडनी.”