दहा किलो कळीचा चुना

बी.एस्सी. केमिस्ट्री मी फर्स्ट क्लासमध्ये पास झालो आणि एकवीस वर्षांनी, म्हैसूरच्या विजयनगरात, एका रविवारी सकाळी नापास झालो.

आमच्या घरमालकीण रुक्मिणीअक्का म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात मुरलेल्या मराठी. तळमजल्यावर त्यांचं शिवणकाम चालतं. त्या दिवशी चार वाजता त्यांच्या मुलीचा, गौरीचा साखरपुडा होता आणि कंपाउंडची भिंत रंगवायला येणारा माणूस आलाच नव्हता. अक्का रडवेल्या झाल्या.

"अक्का, मी आहे ना!" मी म्हणालो. (हे वाक्य ऐकलं की माझी बायको मेधा डोळे मिटून घेते.) "चुना मारू. तासाभरात भिंत पांढरीशुभ्र!"

शिवाय आमची इरा दहावीला. ती नेमकी तेच घोकत होती, "चुनखडी भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कॅल्शियम ऑक्साइड उरतं. त्यात पाणी घातलं की उष्णता..."

"घोकू नकोस, डोळ्यांनी बघ!" म्हणत मी स्कूटर काढली.

लष्कर मोहल्ल्यातून दहा किलो कळीचा चुना आणला. दुकानदाराने बजावलं होतं, "लोखंडी पिंप घ्या, थोडा थोडा टाका, दिवसभर भिजू द्या." पण त्याला काय माहीत, गिऱ्हाईक पदवीधर आहे! मी मेधाचा कपडे भिजवायचा प्लास्टिकचा टब घेतला, सगळे खडे एकदम ओतले आणि वर अर्धी बादली पाणी.

काहीच झालं नाही.

"बाबा, उष्णता कुठाय?" इराने पायरीवरून विचारलं.

"अगं, कॅल्शियमचा अणू आहे तो. विचार करून काम करतो!" असं म्हणून मी टबाशेजारीच स्टूल ठेवलं आणि वर चढून भिंतीवरची जळमटं काढू लागलो.

तेवढ्यात अणूंचा विचार पक्का झाला! टब फुसफुसला, खडे तडातडा फुटले, वाफेचा लोट उठला. अक्का धावत बाहेर आल्या.

"अय्यो, सर! आग लागली की हो! नीरु, नीरु! पाणी आणते, पाणी!"

"पाणी नको!" मी किंचाळलो. पण तोवर अक्कांची बादली टबावर रिकामी झाली होती.

टबाने मान टाकली. बूड मऊ पडलं, फाटलं आणि उकळता चुना माझ्या स्टुलाभोवती तळ्यासारखा पसरला. उडालेल्या पुडीने मी शेंडीपासून बनियनपर्यंत पांढरा!

"खाली उतरू नका, पाय भाजतील!" मेधा ओरडली.

"मग काय करू?"

"घरात काम असलं की करता तेच. नुसते उभे राहा!"

आणि फाटकाशी गाडी थांबली. नवऱ्या मुलाकडची मंडळी! ओटीचं सामान पोचवायला आधीच आलेली! पुढे मुलाचे वडील, मागे तो स्वतः आणि काठी टेकत त्याची आजी. अक्कांनी पदर तोंडाला लावला. झालं! गौरीची सोयरीक माझ्या फर्स्ट क्लासपायी मोडणार!

आजीबाई वाफेतून माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. मग त्यांनी काठी नातवाकडे दिली, चप्पल काढली आणि हात जोडले.

"कुठल्या मठाचे म्हणायचे हे स्वामी?"

मुलाचे वडील कडकोळच्या एका कारखान्यात सुपरवायझर. त्यांना एका नजरेत सगळं कळलं. "वाळू आणा, वाळू!"

शेजारी बांधकाम चालू होतं. तिथल्या वाळूची घमेली घेऊन नवरा मुलगा, त्याचे वडील आणि मेधा धावले आणि त्यांनी लांबूनच वाळू फेकत पायरीपासून स्टुलापर्यंत जाड वाट केली.

"चुना आणि वाळू, सर," मुलाचे वडील हसून लोटपोट होत म्हणाले, "पूर्वी यावर वाडे उभे राहायचे. तुम्ही मात्र उतरा आता!"

ते हसले तशा अक्काही हसल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. चार वाजेपर्यंत मी, मेधा आणि इरा खराट्याने अंगण साफ करत होतो. भिंतीचं काय? अक्कांनी तिच्यावर पिवळ्याधमक कापडाचे तागे सोडले. पाहुणे म्हणाले, काय सुंदर सजावट! साखरपुडा दणक्यात झाला.

जेवणं झाल्यावर मी नवा झब्बा घालून आजीबाईंच्या पाया पडलो. अक्कांनी ओळख करून दिली, "आज्जी, सकाळचे स्वामी ते हेच की!"

आजीबाईंनी चष्मा सावरून मला निरखलं.

"होय काय? तरीच! म्हटलं, एवढे मोठे स्वामी, आणि पाय कशाला लटपटतायत?"