पत्र्यावर वाळवलेलं शेवाळ

परवा बंदरावर एका बाईने समुद्री शेवाळ सावलीत, जुन्या जाळ्यावर पसरलेलं मला दिसलं आणि माझ्या सासूबाई आठवल्या. शेवटच्या आजारपणात त्यांना फक्त शेवाळ घातलेली पेज जायची. "सावलीत वाळव गो, उन्हाने त्यातला कस जातो," त्या अंथरुणावरून सांगायच्या. पण सावलीत दोन-तीन दिवस लागत आणि मला शाळेत शिकवायला जायची घाई. मी ते तापल्या पत्र्यावर टाकायची. संध्याकाळपर्यंत ते पांढुरकं, कुरकुरीत होई. त्यांनी रंग एकदाच निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "छान वाळलंय."

कडक उन्हात त्यातली जीवनसत्त्वं कमी होतात, हे मी खूप पुढे वाचलं. त्यांना ते ठाऊकच होतं. तरी माझं मन राखायला त्या रोज वाटी पुसून खात राहिल्या, आणि मला वाटलं, त्यांना भूक लागू लागलीय.