नदीपलीकडची औषधवाली

त्या दुपारी खोलीत कोण कोण होतं ते पहिले सांगते. मी होती. माझी नात होती, लेकीची पोरगी. मागच्या घरातला भैया होता, कॉलेजात जातो. नातीच्या वर्गातली एक चष्मेवाली पोरगी होती, आणि एक जाडा पोट्टा होता, जो शेवेचा डबा समोर ठेवल्याशिवाय खेळाले बसत नाही. सून आत झोपली होती, तिले यातलं काही माहीत नाही. मी सांगून राहिली आणि नात लिहून राहिली. मधात आपलं काही घालायचं नाही असं तिले बजावलं आहे.

आम्ही जबलपुरात राहतो, नेपियर टाउनमध्ये. खाली दवाखाना, वर आम्ही. सुट्ट्यांत पोट्टे आमच्याच घरी जमतात, कारण आमच्याकडे कूलर आहे आणि भैयाच्या घरी त्याचे पप्पा. फरशीवर बसून खेळतात. जादूच्या मुलखाचा खेळ आहे. फासे आहेत, सोंगट्या नाहीत. प्रत्येकानं आपला एक माणूस बनवायचा. पहिले त्याचं कुळ ठरवायचं, म्हणजे तो कोणाच्या पोटी जन्मला. लांब कानवाले जंगलातले, बुटके दाढीवाले खाणीतले, साधी माणसं, नाहीतर सुळेवाले डोंगरातले राक्षस. मंग त्याचं काम ठरवायचं. कोणी लढतो, कोणी चोरी करतो, कोणी मंत्र मारतो, कोणी जखमा भरतो. मंग भैया गोष्ट सांगतो आणि हे आपापल्या माणसाच्या तोंडून बोलतात. कोणतं कुळ कसं, कुठं राहतं, त्यांचा देव कोणता, हे सगळं भैयानं स्वतः रचलं आहे. त्याले ते लोर म्हणतात. त्याचा नकाशा पण काढला आहे त्यानं, मोठ्या चार्टपेपरवर, स्केचपेननं.

आता नातीचं. तिची माय गेली तेव्हापासून ती नागपूरहून आमच्याजवळ आली. उंच आहे, हाडापेरानं दणकट, रंगानं माझ्यावर गेली. शाळेत पोरी तिले काय काय म्हणतात ते मी इथं लिहू देणार नाही. घरी काही विचारलं तर हो आणि नाही, इतकंच बोलायची. बोलाले लागली ती या खेळात. पहिल्यांदा तिचं हसणं ऐकलं तेव्हा माझ्या हातून पोळी जळली. पण आतापर्यंत ती पाहुणीच होती. दुकानदारीण हो, पहारेकरी हो, भैया सांगेल ते. त्या दिवशी नवी गोष्ट सुरू होणार होती आणि तिले आपला स्वतःचा माणूस मिळणार होता. कितीक दिवस ती त्याच्याच मागे होती. जेवताना सुद्धा.

मी कोपऱ्यात मेथी निवडत बसली होती. चष्मेवालीनं सांगितलं, मी लांब कानवाली, तिरंदाज. भैया म्हणे, बढिया. जाड्यानं सांगितलं, मी बुटका, कुऱ्हाडवाला लोहार. भैया म्हणे, एकदम फिट. नातीनं सांगितलं, मी डोंगरातली राक्षसीण, आणि मी जखमा भरते.

भैया मराठी समजतो, बोलतो हिंदीत. हसून म्हणे, ये नहीं बैठेगा लोर में. त्यानं तिले समजावून सांगितलं, रागावला नाही. या कुळाच्या देवानं त्यांना फक्त राग दिला आहे. त्यांच्यात विद्या नाही, औषध नाही. लढाईत कोणी पडला तर ते त्याले तिथंच टाकून पुढे जातात. असं कुळ आणि जखमा भरणारी? नाही जमत. तू लढणारी घे ना, तुझ्यावर सूट करते. नाहीतर जखमाच भरायच्या तर लांब कानवाली हो.

नात म्हणे, मले तीच पायजे. ती माझ्यासारखी आहे.

म्हणूनच तर म्हणून राहिलो, भैया म्हणे, तू फाइटर घे.

नातीनं पेन्सिल कंपासात ठेवली. कंपास बंद केला. तुम्ही खेळा, म्हणे. तोच आवाज, हो आणि नाहीवाला. मले कळलं की ही आता उठली तर परत बसत नाही. ना या खेळात, ना कशात.

मले त्या वेळेस जो राग आला तो त्या पोट्ट्याचा नव्हता. जुना होता.

माझा नवरा कारखान्यात कामाले होता. तो मेला तेव्हा त्याच्या जागेवर मले नोकरी लागली, तसं होतं तेव्हा. माझी माय गावची सुईण होती. मी तिच्यामागे फिरून मोठी झाली. बाळ कसं धरायचं, जखम कशी धुवायची, पट्टी किती घट्ट, हे मले चौथीच्या पुस्तकाआधी येत होतं. चौथीनंतर पुस्तक नव्हतंच. मी ऑफिसातल्या बाबूले म्हटलं, मले कारखान्याच्या दवाखान्यात आया म्हणून ठेवा. बाबू वाईट माणूस नव्हता. चहा पाजला. वेगळ्या कपात पाजला, पण पाजला. आणि म्हणे, "बाई, तुम लोगों में ये काम नहीं होता. तुम लोग झाडू में अच्छे रहते हो."

आमच्यात नाही होत म्हणे. गावातल्या मोठमोठ्या घरचे पोट्टे माझ्या मायच्या हातात जन्मले. जन्मले की मंग घर धुवून घेत, माय गेली त्या वाटेवर पाणी शिंपडत. आणि हा बाबू मले सांगून राहिला आमच्यात काय होते.

नोकरीभर मी त्या दवाखान्याच्या बाहेर झाडू मारला. मशीनवर कोणाचा हात कापला की आरडाओरड व्हायची, आणि मंग मले हाक यायची. फरशीवरचं रक्त पुसाले. रक्त पुसाले मी चालत होती, हात धराले नाही. मी पुसत होती आणि तो माणूस बाकावर बसून थरथर कापत होता, त्याच्याजवळ कोणी नव्हतं. असं कितीदा झालं. मी रडली नाही कधी. घरी येऊन स्वयंपाक केला. पण विसरली नाही, आणि माफ तर त्याहून नाही.

मी मेथीची परात बाजूले सरकवली आणि फरशीवर त्यांच्यात जाऊन बसली. गुडघे वाजले. भैयाले विचारलं, हे डोंगरवाले कुठं राहतात, दाखव. त्यानं नकाशावर बोट ठेवलं. नदी निळ्या रंगाची, संगमरवराचे खडक पांढरे सोडलेले, मले लगेच ओळखू आले. त्यानं आपली नर्मदाच काढली होती. अलीकडे किल्ला, मंदिर, बाजार. तिलवाऱ्याचा पूल ओलांडला की पलीकडे सगळं काळं रंगवलेलं. तिथं राक्षस.

तू गेला का तिकडे, मी विचारलं. म्हणे, पिकनिकले गेलो होतो, पप्पांच्या गाडीनं.

मी तिथं जन्मली, मी म्हटलं.

जाड्याच्या तोंडात शेव होती. तो म्हणे, अरे, तो आजी ओरिजिनल राक्षस है. चष्मेवालीनं त्याले कोपर मारलं.

हो, मी म्हटलं, सुळे पडले म्हणून ओळखू नाही आली तुले.

हसले सगळे. नात नाही हसली. भैयाचे कान लाल झाले. मी त्याले विचारलं, त्यांच्यात औषध नाही हे कोणं ठरवलं? म्हणे, मैंने. मंग मी म्हटलं, बरं झालं तू कबूल तर केलं. आमच्या बाबूले मी हेच विचारलं तर त्यानं वरच्या साहेबावर ढकललं होतं. साहेबानं त्याच्या वरच्यावर. त्या सगळ्यांच्या वर कोण बसला होता ते मले आजपर्यंत दिसलं नाही.

भैया गप्प नाही बसला, आणि ते मले आवडलं. तो म्हणे, "आजी, सब कोई सब कुछ बन जाए तो कुल का मतलब क्या रहा? फिर लोर किसलिए?" त्याचं ते खोटं नव्हतं. जन्म कुठं झाला याचा फरक पडतो. माझ्याहून जास्त कोणाले ठाऊक असेल? मी म्हटलं, फरक ठेव बाबा. गावाच्या वेशीवर तिले अडव. मंदिरातला मंत्र तिले देऊ नको, डोंगरातला पाला दे. लोक तिच्या हातचं औषध थुंकून टाकू देत. हे सगळं ठेव, हे खरं आहे. पण तिच्या हातात येते काय आणि काय नाही, हे तिले न विचारता तू कसं ठरवलं? काहून?

मले वाटलं मी जास्त बोलली, आता हे उठतील आणि उद्यापासून येणार नाहीत, आणि पोरीचं होतं तेही माझ्यामुळं जाईल.

तेव्हा नात बोलली. नकाशाकडे पाहून, हळू. "भैया, ते लोक पडलेल्याले टाकून जातात ना? मंग टाकलेल्याजवळ कोणी तरी मागे थांबत असेल. कोणाची माय, कोणाची बहीण. ती परत जाऊ शकत नाही, कारण त्यांच्यात थांबणं म्हणजे लाज. तीच माझी आहे. तिले कोणी शिकवलं नाही. ती फक्त थांबली, म्हणून शिकली."

हे मी तिले शिकवलं नव्हतं. सुईणीची पणती आहे, पण सुईण कशी असते हे तिनं पाहिलंही नाही. भैयाच्याच लोरातून तिनं काढलं ते.

भैया म्हणे, ये तो मैंने सोचा ही नहीं. त्यानं तिले अटी घातल्या. तुझ्या फाशाचा आकडा कमी धरीन, अलीकडच्या गावात तुले झोपाले जागा नाही, आणि आपल्या कुळाचे लोक भेटले तर ते तुले मारतील. नात म्हणे, चालेल. कंपास उघडला.

मी परत मेथीजवळ गेली. खेळ सुरू झाला. थोड्या वेळानं कुऱ्हाडवाला बुटका एका दरीत पडला आणि त्याचं रक्त वाहाले लागलं. नात म्हणे, मी त्याच्याजवळ जाते. जाडा लगेच आपल्या माणसाच्या तोंडून म्हणे, हात मत लगाना मुझे, राक्षसनी.

खेळ आहे, मले कळते. तरी माझा हात थांबला.

नात म्हणे, ठीक आहे, नाही लावत. मी इथंच बसते.

आणि बसली. चष्मेवालीचा डाव झाला, परत जाड्याचा आला, परत रक्त गेलं. त्यानं डब्याकडे पाहिलं, भैयाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. अच्छा, लगा ले, म्हणे, और किसी को मत बताना. नात हसली.

माझा राग गेला नाही. त्या बाकावरच्या माणसाले कोणी विचारलं असतं तर तो पण म्हटला असता, लगा ले. पण त्याले कोणी विचारलं नाही, आणि मले तर नाहीच नाही.

तुमच्या घरी पोट्टे असे खेळ खेळत असतील आणि कोणी म्हणालं की माझा माणूस या कुळातला आहे आणि तो हे काम करतो, तर तुझ्या कुळात ते होत नाही असं म्हणू नका. तो ते कसा शिकला, हे पहिले त्याले विचारा, आणि तो सांगेपर्यंत थांबा. इतकंच करा.