वाटीतल्या साली

ऑफिसातून आल्या आल्या कुकर लावला आणि मुक्ताला गृहपाठाला बसवलं. शुद्धलेखनाच्या चार ओळी, एवढंच. पण ती पेन्सिलीला टोक काढत बसली. टोक झालं तरी शार्पनर फिरतच होता आणि साली वाटीत जमत होत्या.

"मुक्ता, लिही ना गं. माझ्यात आता ओरडायचंही त्राण नाही."

"थांब ना आई. या साली दुधात भिजवल्या की खोडरबर तयार होतं."

मी बघतच राहिले. लहानपणी आम्हीही हेच करायचो. हे कुठल्या बाईंनी शिकवलं नव्हतं, कुणी पाठ करून घेतलं नव्हतं. खोडरबर तर कुणाचंच झालं नाही. तरी ते या बाकावरून त्या बाकावर करत हिच्यापर्यंत पोचलं. आणि मी रोज घसा कोरडा करून सांगते, त्यातलं काही हिच्या डोक्यात शिरत नाही.

"तुझं झालं होतं का गं?" तिनं विचारलं.

खरं सांगायला हवं होतं. पण संध्याकाळपासून पहिल्यांदाच ती हातातलं सगळं थांबवून माझ्या उत्तराची वाट बघत होती.

मी उठले आणि फ्रिजमधून दूध काढलं.