विम्याच्या कागदावरचं नाव

ठाण्यासमोरच्या चिंचेखाली उभी असलेली ती लॉरी इतक्या वर्षांनीही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. लढाई संपून थोडाच काळ लोटला होता, स्वातंत्र्य तोंडावर आलं होतं, आणि मी अर्जुनीच्या ठाण्यावर नवाकोरा सब-इन्स्पेक्टर म्हणून रुजू झालो होतो. हा सगळा मुलूख तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. लोक मला ठाणेदार म्हणत आणि ते ऐकायला मला फार आवडे. वय चोवीस. वर्दी शिवली ती वडिलांच्या पैशांतून, घोडा घेतला तोही वडिलांच्या पैशांतून, आणि पगार पुरत नाही म्हणून दर महिन्याला त्यांची मनिऑर्डर येई ती वेगळीच. तिच्यावर सही करताना मला कधी लाज वाटली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्याचा संबंध पुढे येणार आहे.

त्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यातून कंपाउंडरची चिठ्ठी आली. नवेगाव बांधच्या रस्त्यावर, तलावाच्या पाळीजवळ, म्हणजे मातीच्या बांधाजवळ, लॉरीचा धक्का लागून मासे विकणारी एक बाई पडली होती. मांडीचं हाड मोडलं होतं. लॉरीवाल्यानेच तिला दवाखान्यात आणलं. इथे इलाज होण्यासारखा नव्हता म्हणून तिला संध्याकाळच्या गाडीने गोंदियाला रवाना केलं होतं. मी बाहेर येऊन पाहिलं, तर लॉरी ठाण्याच्या दारात उभी होती आणि माणसाचा पत्ता नव्हता. कंपाउंडरला बोलावून विचारलं. तो म्हणाला, कोळशाने तोंड काळं झालेला कोणीतरी होता, गडबडीत नाव विचारायचं राहून गेलं, आणि बाईला स्टेशनावर नेल्यानंतर तो कुठे गेला ते ठाऊक नाही.

मी रोजनामचा ओढला आणि झोकात लिहिलं, ‘चालक फरार’.

आमचे हवालदार माझ्या वडिलांच्या वयाचे होते. त्यांनी वाकून वाचलं आणि म्हणाले, “साहेब, फरार होनारा मानूस गाडी ठान्याच्या दारात लावून जाते का जी? ‘हजर नाही’ लिवा. ‘फरार’ कायले लिवता?”

मला राग आला. ठाणेदार मी की हे? मी शब्द तसाच ठेवला.

लॉरी कोणाची हे शोधावं लागलं नाही, साऱ्या पंचक्रोशीला ते ठाऊक होतं. जवळच्याच एका गावचे मोठे शेतकरी होते, त्यांना सगळे पाटील म्हणत. चार पिढ्यांपूर्वी त्यांच्या पूर्वजांनी गावचा तलाव बांधलेला, आणि पाळीची डागडुजी, पाण्याची वाटणी आजही त्यांच्याच शब्दावर चाले. त्यांचा एकुलता मुलगा अठराव्या वर्षी घरी न सांगता फौजेत भरती झाला, तिथे गाडी शिकला, आणि परत आल्यावर फौजेने लिलावात काढलेली जुनी लॉरी साठवलेल्या पगारातून घेऊन धानाची पोती वाहू लागला. वय बावीस. घरात राहत नव्हता, लॉरीतच झोपे. बापलेकांचं बोलणं बंद होतं. मी मनात म्हटलं, श्रीमंताचं लाडावलेलं पोर, माणूस पाडून पळालं. बापाच्या जिवावर उड्या मारणारा मी, आणि शेरा मारत होतो त्याच्यावर!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला पकडायला निघणार, इतक्यात पन्नाशीचा एक गृहस्थ ठाण्यात हजर झाला. पाटलांची जुनी मोटार चालवणारा हा माणूस मूळचा गोंदियाचा. सगळे त्याला उस्ताद म्हणत.

“साहब, लॉरी मैं चला रहा था,” तो हात जोडून म्हणाला. “गलती मेरी है. जो सजा होगी, मंजूर.”

सोबत पाटलांची चिठ्ठी होती. ‘गडी चुकला. बाईचं नुकसान आम्ही भरून देऊ.’ आरोपी स्वतःच्या पायांनी आलेला, कबुली तोंडावर, भरपाईची हमी. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तशी माझी गत झाली. मी त्याचा जबाब लिहायला घेतला आणि विमा कंपनीला पाठवायच्या पत्राचा मसुदाही मनात जुळवू लागलो. मोटारींना विमा सक्तीचा झाला तो त्याच सुमारास. कागद नवा, कायदा नवा, आणि मीही नवाच.

दुपारी पाटलांच्या गावचा कोतवाल आठवड्याची जन्ममृत्यूची नोंद घेऊन आला. उस्तादला ओसरीवर बसलेलं पाहून तो हवालदारांच्या कानाशी लागला. हवालदारांनी त्याला माझ्यापुढे उभं केलं.

“बोल. साहेबाले सांग.”

“उस्ताद काल दिवस बुडेपर्यंत पाटलाची मोटार धुवून राहिला होता जी,” कोतवाल म्हणाला. “म्याच पानी आनून देलं. पन मायं नाव नोका सांगू, पाटलाच्या गावात राहतो मी.”

मी उस्तादला आत घेतलं आणि दरडावलं. तो आपल्या जागेवरून हलेना. मैं ही था, मैं ही था, एवढंच. मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला, घसा बसला. हवालदार शांतपणे पानाला चुना लावत होते.

“साहेब, त्याले म्हना, लॉरी चालू करून दाखव.”

पेट्रोलवर रेशनिंग असल्यामुळे तेव्हा बऱ्याच लॉऱ्या लाकडी कोळशाच्या गॅसवर चालत. मागे पिंपासारखी भट्टी असे. तिच्यात कोळसा पेटवायचा, हाताने पंखा फिरवत बसायचं, नळीच्या तोंडाशी काडी धरून गॅस आला का पाहायचं, आणि मगच इंजिनाला हात घालायचा. उस्ताद आयुष्यभर पेट्रोलच्या गाडीवर बसलेला. त्याने ऐटीत धोतर सावरलं, लॉरीभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली. मग राख काढायची झडप कोळसा घालायची समजून उघडली आणि कालची सगळी राख अंगावर घेतली. ठाण्यासमोर जमलेले लोक पोट धरून हसले. मीही हसलो, पण उस्तादच्या डोळ्यांत पाणी होतं.

“साहब, पाटील साहब का नमक खाया है,” तो खाली बसत म्हणाला. “उन्होंने भेजा, मैं आ गया.”

पाटलांना बोलावणं धाडलं. ते आले, खुर्चीवर बसले आणि काहीच लपवलं नाही.

“आमच्या गावची रीत आहे, साहेब,” ते म्हणाले. “तलावाचं पानी चुकून दुसऱ्याच्या बांधीत शिरलं आन धान बुडलं, तं पानी सोडनारा गडी पंचायले म्हनते, चूक माही. मालक धान भरून देते. झालं. घरच्या पोट्ट्याचं नाव चावडीवर येत नाही. यात खोटं काय?”

“ही चावडी नाही, पाटील. हे ठाणं आहे.”

“मले मालूम आहे. पन ऐका. विम्याचा एजंट आला होता. म्हने, पंचवीस वर्षांच्या आतला पोट्टा गाडीवर बसन तं हप्ता लय जास्त. म्या पोट्ट्याले सांगून पाठवलं, मी भरतो, पन लॉरी माया नावावर कर आन घरी ये. तो नाही म्हनला. मंग म्हटलं, उस्तादचं नाव टाक, हप्ता कमी पडन. त्याच्यापाशी पैसे कुठून असन? त्यानं उस्तादचंच नाव टाकलं असन, दुसरं काय! आता तो चालवत होता म्हटलं तं कंपनी हात झटकन. बाईले काही भेटनार नाही, पोट्ट्याची लॉरी जाईन, लायसन जाईन. म्हनून उस्तादले पाठवलं.”

“आणि मुलगा पळाला त्याचं काय?”

पाटील ताडकन उठले. “पळाला असन तं तो माया पोट्टा नाही. पन तो पळनार नाही.”

तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मुलगा आला. स्टेशनवरून घरी न जाता सरळ ठाण्यात. अंगावर तोच कोळशाने माखलेला खाकी शर्ट. पाटील आधीच येऊन बाकावर बसलेले होते, त्यांच्याकडे न पाहता तो माझ्यापुढे उभा राहिला.

“लॉरी मीच चालवून राहिलो होतो, साहेब. सूर्य डोळ्यावर होता. हळू करायले पाहिजे होतं, केलं नाही. बाईसोबत कोनी नव्हतं म्हनून मी गोंदियाले गेलो. काल तिचं हाड बसवलं. ठान्यावर सांगून जाईन म्हटलं, पन गाडी सुटत होती. लॉरी दारात लावली, तुमाले समजन म्हनून.”

माझ्या ‘फरार’ची आठवण होऊ नये म्हणून हवालदार माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांचे उपकार मानायचे ते इथे.

“विम्याचा कागद?” मी विचारलं.

त्याने शर्टाच्या आतून मेणकापडाची पुडी काढली. कागद उलगडून मी दोनदा वाचला. चालक म्हणून एकच नाव होतं, त्याचं स्वतःचं. पंचवीसच्या आतला म्हणून जादा आकारणी, आणि ती पूर्ण भरल्याचा शिक्का. उस्तादचं नाव कुठेही नव्हतं. मी उस्तादचा खोटा जबाब कंपनीकडे पाठवला असता, तर आमचा माणूस गाडीवर नव्हताच म्हणून कंपनीला मोकळं होता आलं असतं. जो हात पोराला वाचवायला पुढे आला होता तोच त्या बाईला आणि पोरालाही बुडवणार होता, आणि त्यावर ठाण्याची मोहोर मी उठवणार होतो.

मी कागद पाटलांकडे दिला. त्यांनी तो बोट ठेवून वाचला. मग त्यांची नजर मुलाच्या मनगटावर गेली. तिथे घड्याळाच्या पट्ट्याचा फिकट डाग होता.

“घड्याळ विकलं?”

“गहान ठेवलं.”

“मले लोकायनं सांगतलं, जुगारात घालवलं.” पाटील पुढे सरकले. “काऊन सांगतलं नाहीस, बापू?”

“सांगतलं असतं तं तुमी भरलं असतं.”

“भरलं असतंच!”

“म्हनूनच नाही सांगतलं, बाबा.”

पाटलांचा हात सवयीने कमरेच्या बटव्याकडे गेला. “घड्याळ तरी सोडवून आनतो.”

“नोका. मी सोडवीन.”

बटव्यावरचा हात तिथेच थांबला, मग हळूच खाली आला.

“पंधरा पोती धान गोंदियाच्या गिरनीत न्यायचं आहे,” पाटील म्हणाले. “भाडं काय घेतेस?”

“सगळ्यायले जे आहे तेच.”

“तेच घे.”

कोर्टाच्या फेऱ्यांत दिवस मोडणार होते, लायसन जायची भीती होती, हे त्या दोघांनाही कळत होतं. तरी मी माझ्या नोकरीत एवढा सुखाचा सौदा दुसरा पाहिला नाही.

त्याच आठवड्यात मी गोंदियाला जाऊन बाईचा जबाब घेतला. पाय बांधून ठेवलेला, तोंड मात्र मोकळं होतं.

“धक्का त्यानंच मारला, मंग उचललं बी त्यानंच,” ती म्हणाली. “दोन्ही लिवा, साहेब. एकच लिवसान तं लबाडी होईन. आन माये मासे सांडले तेबी लिवा.”

मी तिन्ही गोष्टी लिहिल्या. परत आल्यावर रोजनामच्यात माझी चूकही लिहिली. ‘फरार’ ही नोंद घाईची होती, पहिला इसम खोटा निघाला, खुलासा हवालदारांच्या सूचनेमुळे झाला. त्यावर वरून कानउघाडणी झाली, पण ती रास्त होती. मॅजिस्ट्रेटने मुलाला दंड केला आणि लायसनवर शेरा मारला, लायसन काढून घेतलं नाही. कंपनीने कुरकुर केली, पण कागद स्पष्ट होता. बाईला भरपाई मिळाली. वर्षभरात ती काठी टेकत अर्जुनीच्या बाजारात बसू लागली. बाजाराच्या दिवशी त्याच लॉरीतून येई आणि भाडं घेतल्याशिवाय पाटलांच्या मुलाला पुढे जाऊ देत नसे. फुकट बसायला मी काय पाहुणी आहे, असं विचारी.

त्या महिन्याची मनिऑर्डर मी परत केली. सोबत वडिलांना पत्र लिहिलं की आता पाठवू नका, भागतं माझं. भागत नव्हतं. दोन महिने मी डाळभातावर काढले, आणि आयुष्यात त्याइतकं गोड लागलेलं जेवण मला आठवत नाही. वडिलांचं उलट टपाली कार्ड आलं, त्यात माझ्या प्रकृतीची चौकशी होती आणि पैशांबद्दल एक अक्षरही नव्हतं. त्यांना काय वाटलं असेल ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

या एका प्रकरणात मला किती माणसांनी शिकवलं! हवालदारांनी शब्द जपून लिहायला शिकवलं. कोतवालाने भीत भीत का होईना, खरं सांगितलं. त्या बाईने माणसाच्या दोन्ही बाजू नोंदवायला लावल्या. पुढे तीस वर्षं जबाब घेताना मी ते विसरलो नाही. या सगळ्यांचं ऋण माझ्यावर आहे आणि ते फिटावं अशी माझी इच्छाही नाही.

मी निवृत्त झालो त्या वर्षी माझ्या मुलाने पहिल्या नोकरीच्या पगारातून जुनी मोटारसायकल घेतली. विम्याचा हप्ता भरायला निघाला, तेव्हा मी पाकीट काढलं. “राहू द्या, बाबा,” तो म्हणाला, “मी भरतो.” पाकीट परत खिशात ठेवताना माझा हात जरा अडखळला. कमरेच्या बटव्यावर थांबलेला पाटलांचा हात किती जड झाला असेल, ते मला तेव्हा कळलं.

मुलगा निघून गेल्यावर मी पेटी उघडली आणि वडिलांचं ते कार्ड पुन्हा एकदा वाचलं.