ताटावरून न उठता

जालन्याहून संभाजीनगरची एसटी पकडली तेव्हा मनाशी एकच ठरवले होते: धाकट्या भावाकडे, दिगंबरकडे, या वेळी अर्ध्या ताटावरून उठायचे नाही. मागच्या दोन्ही खेपांना उठले होते. आमचे वडील चिडले की भरले ताट भिंतीवर फेकत. त्यांना जाऊन कितीतरी वर्षे झाली, माझी पन्नाशी उलटली, तरी स्टीलचे भांडे पडले की मी थेट दाराबाहेर. समुपदेशक बाईंनी उपाय शिकवला आहे: तळपाय जमिनीला टेकवायचे, श्वास सावकाश सोडायचा. माझ्या घरी जमते. भावाच्या घरी पाय ऐकत नाहीत.

चिकलठाण्याजवळ बस पंक्चर झाली. रस्त्याकडेच्या पडीक रानात एक म्हातारी मेंढरे चारत होती. कारखान्याचा भोंगा वाजला आणि एक मेंढी उधळली. मी मदतीला धावले. करायला गेले एक अन् झाले भलतेच. आणखी पाच-सहा पळाल्या.

"ओ बाई, उभ्या ऱ्हावा! तुमी पळायल्यात म्हनून ती पळायलीत."

म्हातारीने जागेवरूनच रोजची हाक दिली. घंटीवाली मेंढी वळली, तिच्यामागे बाकीच्या.

"हिला ल्हानपनी लांडग्यानं धरलं व्हतं," उधळलेलीकडे बोट करून ती म्हणाली. "म्हनून घंटीवालीपाशी ठिवते."

"भीती जाईल का तिची?"

"नाय जायची. पन चरती की पोटभर!"

पुंडलिकनगरात पोचले तेव्हा भावजयीने येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याचे पीठ) घालून आमटी केली होती, सोबत भाकरी. ताटे नेहमीसारखी प्लॅस्टिकची. "चिक्कूपणा कधी सोडणार रे?" मी ठरलेला टोमणा मारला. पण दाराजवळची खुर्ची सोडून दिगंबरच्या शेजारी बसले.

स्वयंपाकघरात भावजयीच्या हातून झाकण पडले आणि गरगरत वाजत राहिले. तळपाय टेकवायला खाली पाहिले, तर शेजारी दिगंबरचे पाय. बोटे आखडून फरशीला दाबलेली.

"तुलाही?"

"म्हणून तर ही ताटं, ताई. स्टीलची वाजतात."

"कधी सांगितलं नाहीस!"

"तू थांबायचीस कुठं?"

मला रडू आले. त्याने आमटीचे पातेले माझ्याकडे सरकवले.

संध्याकाळी परतताना चिकलठाण्याचे रान रिकामे होते. इतकी वर्षे मी त्याला चिक्कू समजत आले आणि तो मला तुसडी. भीती गेलेली नाही. पण दोन भाकऱ्या खाल्ल्या. दुसरी तर मागून घेतली.