सुभेदारांचा दुसरा पडदा

कॉम्प्युटरच्या दुकानात नोकरी केलेल्या माणसाला किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. ते चपला बाहेर काढून, पाय पुसून, आपणहून आत येतात! आमच्या सांगलीच्या दुकानात तशी पाटीच होती, 'पादत्राणे बाहेर काढावीत'. कुपवाडचे एक कारखानदार ती पाटी वाचून इतके दबले, की त्यांनी कमरेचा चामडी पट्टासुद्धा बाहेर काढून ठेवला आणि आत येऊन मॉनिटरला नमस्कार केला.

याच गृहस्थांनी पुढे महिनाभर मॉनिटरवरचं प्लास्टिक काढलं नाही. एके दिवशी फोन. "आवं, तुमच्या मशीनमदनं धूर यायलाय! प्लास्टिक काढू, का ठिवू?"

असे धक्के खाऊन खाऊन मी निबर झालो होतो. निदान मला तसं वाटत होतं. मग कडेगावचे सुभेदार आले.

* * *

अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवचे दिवस ते. दुकानात आम्ही तिघं. मालक अण्णा, यांना कॉम्प्युटर सुरू करता यायचा नाही, पण विकता कुठलाही यायचा. औंधचा मिलिंद, आमचा टेक्निशियन, बोलणं कमी आणि हात सोन्याचा. आणि मी, गिऱ्हाइकाशी गोड बोलायला ठेवलेला.

सुभेदार सैन्यातून रिटायर होऊन गावी आलेले. ऊस भाऊ बघायचा, आणि हे लग्नं जुळवायचे. फुकट! सांगली-साताऱ्यात त्यांच्या समाजातलं एकही स्थळ त्यांना विचारल्याशिवाय हलायचं नाही.

ते आले आणि उभ्या उभ्या ऑर्डर दिली. "लॅपटॉप पायजे. पन त्येला भायेर मोठा पडदा जोडला, तर हितं एक दिसलं पायजे आन् तिथं दुसरं."

अण्णा म्हणाले, "साहेब, दोन्हीकडे तेच दिसतं. उलट मोठं दिसतं!"

"तेच बघायचं तर आरसा लावतो की! लॅपटॉप कशाला घिऊ?"

अण्णांनी ऑर्डर वहीत उतरवून घेतली.

* * *

हा हट्ट कशासाठी, ते दुसऱ्या भेटीत कळलं. सुभेदारांनी पिशवीतून एक जाडजूड रजिस्टर काढलं. प्रत्येक स्थळाला एक पान. पुढच्या बाजूला काळ्या शाईत नाव, उंची, शिक्षण. पानाच्या मागे लाल शाईत शेरा.

मी हळूच दोन-चार शेरे वाचले आणि गारच पडलो. 'मुलगा सोन्यासारखा. पण आई त्याला बोलू देत नाही.' 'फोटो धाकट्या भावाचा पाठवला आहे!' 'मुलीला अजून शिकायचं आहे. होकार मामाचा आहे, तिचा नाही.'

"साहेब, ही वही बाहेर गेली तर?"

"तर मला कुनी दारात हुबं करायचं न्हाई. लोकांनी इस्वासानं सांगितलेलं हाय ह्ये." सुभेदारांचा आवाज एकदम खाली आला. "मागल्या मेळाव्यात एक जन पाठीमागनं वाचायलावता. खाडकन् मिटली वही म्या! आता चार म्हयन्यांनी साताऱ्याला मोठा मेळावा हाय. लोकांना काळी शाई दिसंल, मला एकट्याला लाल. असं मशीन द्या."

"मग शेरे जरा सौम्य लिहीत जा की," मी गोड बोललो.

"लाल शाईत खोटं लिवायचं न्हाई, ह्यो नेम हाय. घरच्या मानसाचं आसलं तरी बी!"

* * *

आम्ही लॅपटॉप शोधायला लागलो. नवीन सिस्टिममध्ये दोन पडद्यांवर वेगवेगळं दाखवायची सोय नुकतीच आली होती. पण लॅपटॉपच्या आतल्या डिस्प्ले कार्डालाही ते जमायला हवं, हे कुणाच्या गावी नव्हतं. पुण्याच्या डीलरला मी विचारलं, "मोठ्या मॉनिटरवर वेगळं दिसेल ना?"

"अहो, दिसेल म्हणजे काय! मागे सॉकेट दिलंय!"

मशीन आलं. मॉनिटर जोडला. इकडे जे, तेच तिकडे. सुभेदार कडेगावहून एसटीने येऊन समोर बसलेले, चेकबुक बाहेर. अण्णांनी मला डोळा घातला. मी सुरू झालो, "साहेब, आता आज असं दिसतंय, पण पुढे सॉफ्टवेअर वगैरे..."

तेवढ्यात मागून मिलिंदचा आवाज आला. "साहेब, ह्यात न्हाई व्हायचं. आतल्या कार्डालाच जमत न्हाई. घिऊ नका."

आलेलं गिऱ्हाईक आपल्याच माणसाने परत पाठवलं! सुभेदार मिलिंदकडे बघतच राहिले.

"गाव कुठलं, गड्या?"

"औंध."

"आडनाव?"

"कांबळे."

"हं," म्हणाले आणि चेकबुक खिशात घालून गेले. आमच्याकडे आडनाव विचारलं की माणसाचं सगळं कळलं असं समजतात. मिलिंदचं घर आजोबांपासून बौद्ध, आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. तो पुन्हा स्क्रू आवळायला लागला.

अण्णा उठून मिलिंदच्या टेबलाशी आले. "मिलिंद, तू दुकानात नोकरीला आहेस का कोर्टात?"

* * *

दुसऱ्या लॅपटॉपची तऱ्हा निराळी. मोठा मॉनिटर सुरू केला की लॅपटॉपचा पडदा काळाठिक्कर! लॅपटॉप सुरू केला की मोठा बंद.

सुभेदार म्हणाले, "म्हंजे एका डोळ्यानं बघायचं आसंल तर दुसरा झाकायचा. आवं, रायफल न्हवं ही!"

* * *

शेवटी मिलिंदनेच मनावर घेतलं. पंधरा दिवस तो डीलर लोकांना फोन करत होता. कंपनी कुठली, मेमरी किती, काही विचारत नव्हता. एकच प्रश्न. "आतल्या डिस्प्ले कार्डाचं नाव सांगा." निम्म्या डीलरना हे कार्ड असतं हेच ठाऊक नव्हतं. मुंबईच्या एकाने तर विचारलं, "कार्ड? लग्नाचं का?"

तिसरं मशीन आलं आणि चमत्कार झाला. मिलिंदने लॅपटॉपवरची चौकट माऊसने धरली आणि उजवीकडे ओढत नेली. ती कडेपर्यंत गेली, अर्धी बाहेर पडली आणि शेजारच्या मॉनिटरवर उगवली!

सुभेदार खुर्चीतून उठून दोन पावलं मागे सरकले. "गोळ्या बघितल्यात म्या," ते म्हणाले, "पन आसलं न्हाई बघितलं!"

अण्णांनी नारळ फोडला. मशीनवरच फोडणार होते, मी हात धरला.

* * *

आठवडाभरात सुभेदार लॅपटॉप बगलेत मारून धावत-पळत दुकानात. कपाळावर घाम. "रजिस्टर चोरीला गेलं! मशीन सुरू हाय, पन आतली वही न्हाई! चार पानं एका बोटानं टाईप केलीवती म्या!"

मी हादरलो. त्यातले ते शेरे! ते कुणाच्या हाती लागले तर सुभेदारही संपले आणि आम्हीही.

मिलिंदने शांतपणे विचारलं, "मोटा मॉनिटर कुटं हाय, साहेब?"

"घरी कडेगावला. त्यो कशाला आनू एसटीतनं?"

मिलिंदने दुकानातला मॉनिटर जोडला. रजिस्टर तिथे ऐसपैस बसलेलं! चौकट राहिली होती दुसऱ्या पडद्यावर, आणि पडदा कडेगावला. मॉनिटर उपटला तरी लॅपटॉपला पत्ता नाही, तो तिकडची जागा धरूनच होता.

"मायला," सुभेदार म्हणाले, "नवरी हितं आन् वऱ्हाड तिकडं!"

त्यानंतर त्यांनी ठरवलं, हे काम मुलीने शिकायचं. मुलगी वैशाली, कडेगावच्या शाळेत शिक्षिका. आईविना वाढलेली एकुलती एक. राहिलेलं सगळं रजिस्टर मशीनमध्ये टाईप करणार तीच, आणि मेळाव्यात मशीन चालवणारही तीच. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की ती दुपारच्या गाडीने सांगलीला यायला लागली. शिकवायला मिलिंद.

खरं तर एक शनिवार पुरला असता. वैशालीताई अकरा शनिवार आल्या! मला वाटलं, मास्तरीणबाई आहेत, कसून शिकतात. मी तर अण्णांजवळ कौतुकही केलं.

शेवटच्या शनिवारी मात्र त्या मशीनला हात न लावता बसल्या होत्या. मिलिंद मान खाली घालून केबल गुंडाळत होता. वैशालीताईंनी मला विचारलं, "दोन्हीकडं एकच दिसायला काय दाबायचं?"

"अहो, ते कशाला? तुमच्या वडिलांना तेच तर नकोय!"

"माहिती असावं."

मी बिनडोक! दोन कळा एकदम कशा दाबायच्या, ते दोनदा करून दाखवलं.

"सगळं रजिस्टर टाईप झालं?" मी आपलं विचारलं.

"झालं. शेवटचं पान कालच केलं," त्या म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या.

* * *

साताऱ्याचा मेळावा. हॉल खच्चून भरलेला. स्टेजवर टेबल, टेबलावर लॅपटॉप, बाजूला लोकांकडे तोंड केलेला एकवीस इंची मॉनिटर. त्याला हारसुद्धा घातलेला! माईकवर सुभेदार, मशीनवर वैशालीताई. केबलला कुणाचा पाय लागू नये म्हणून मी आणि मिलिंद मागे उभे.

मशीन असं चाललं म्हणून सांगू! मोठ्या पडद्यावर फोटो, उंची, शिक्षण. कुणी हात वर केला की सुभेदार छोट्या पडद्याकडे एक नजर टाकायचे आणि म्हणायचे, "जरूर भेटा," नाहीतर, "आवं, आनखी चार बघा की." लाल शेरे लॅपटॉपवर, लोकांच्या दृष्टीआड. अण्णा पहिल्या रांगेत ऐटीत बसून शेजारच्याला सांगत होते, "आमच्या दुकानचं आहे!"

दुपार झाली. सुभेदारांनी घसा खाकरला. "आता शेवटचं स्थळ. ह्ये माझ्या घरचंच हाय."

मोठ्या पडद्यावर वैशालीताईंचा फोटो आला. एम. ए., बी. एड. टाळ्या पडल्या. सुभेदारांची मुलगी म्हटल्यावर पुढच्या रांगेतले दोन-तीन मुलांचे बाप खुर्चीत सरसावून बसले. एकाने तर हातही वर केला.

वैशालीताईंनी वळून बापाकडे पाहिलं. मग दोन बोटं कळांवर ठेवली. त्या दोन कळा मला पाठ होत्या! मी ओरडणार, तोवर मोठा मॉनिटर काळा झाला, लुकलुकला आणि पुन्हा लागला.

सगळ्या हॉलसमोर लाल अक्षरं, सुभेदारांच्या वहीतली, जशीच्या तशी.

'शेरा: मुलीला मुलगा पसंत आहे. औंधचा, बौद्ध, सांगलीला कॉम्प्युटरच्या दुकानात. निर्व्यसनी. कामात हुशार. स्वतःचं नुकसान झालं तरी खोटं बोलत नाही. मुलात खोट नाही. बापाची छाती होत नाही.'

मी मिलिंदकडे पाहिलं. त्याच्या हातात केबल होती आणि तो पांढराफटक पडला होता. अण्णा पहिल्या रांगेत अर्धवट उठून उभे, बसायचंच विसरलेले. वर गेलेला तो हात हळूच खाली आला. शेवटच्या रांगेत कुणीतरी शेरा मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि 'छाती'पाशी गप्प झाला.

मी भानावर येऊन मशीनकडे झेपावलो. "साहेब, एक मिनिट! काहीतरी गडबड झालीय, आत्ता वेगळं करतो!"

सुभेदारांनी माझं मनगट धरलं. चांगलंच घट्ट. त्यांनी छोट्या पडद्यावर पाहिलं, मग मोठ्या पडद्यावर पाहिलं, मग मुलीकडे. तिची बोटं अजून कळांवरच होती.

"दोन्हीकडं तेच दिसतंय न्हवं?" त्यांनी मला विचारलं.

"हो साहेब."

"मग ऱ्हाऊ द्या आता तसंच," सुभेदार म्हणाले, आणि माईक त्यांनी मिलिंदच्या हातात दिला.